किडनीसाठी एचएलए अन् क्रॉसमॅच: खान्देशातून टेस्टला निघण्याआधी हे वाचा

किडनी ट्रान्सप्लांटचं ठरलं की घरात पहिला प्रश्न एकच राहतो, "मॅच कितला टक्का व्हयना?" पेशंट विचारतो, डोनर विचारतो, भुसावळहून फोन करणारे मामा विचारतात, अन् आमच्या लॅबच्या खिडकीवर रिपोर्ट घ्यायला आलेला पोरगा पाकीट उघडायच्या आत तेच विचारतो. मी एचएलए लॅबमध्ये टेक्निशियन आहे (एचएलए म्हणजे पेशींवरच्या खुणा, पेशंट अन् डोनर म्हणजे किडनी देणारा यांच्या त्या किती जुळतात ते आम्ही बघतो), मूळचा अमळनेरकडचा, त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडचं कोणी आलं अन् अहिराणी कानावर पडली की सगळे त्यांना माझ्याच टेबलाकडे पाठवतात. तेच तेच सांगून झालंय म्हणून इथं एकदाच नीट लिहून ठेवतो, ज्याला लागेल त्याला पाठवा.

टक्क्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पेशंटच्या रक्तात या डोनरच्या विरोधातल्या अँटीबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, आहेत का? टक्का कमी असला तरी ट्रान्सप्लांट होतं अन् चांगलं चालतं, पण अँटीबॉडी जोरात असेल तर टक्का कितीही चांगला असू दे, किडनी टेबलावरच काळी पडू शकते. आपल्याकडे लोक एचएलए रिपोर्ट लग्नाच्या पत्रिकेतल्या 36 गुणांसारखा वाचतात, 3/6 (सहापैकी तीन खुणा जुळल्या) आलं की चेहरे पडतात, अन् खाली क्रॉसमॅचच्या, म्हणजे पेशंटचं रक्त डोनरच्या पेशींशी लावून अँटीबॉडी बघायच्या टेस्टच्या, ओळीत काय लिहिलंय ते कोणी बघतच नाही. खरं तर तीच ओळ आधी बघायची.

हे काही माझं मत नाहीये. 1969 मध्ये पटेल अन् तेरासाकी या संशोधकांनी 225 किडनी ट्रान्सप्लांटचा हिशोब मांडला होता, त्यात क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना केलेल्या 30 पैकी 24 किडन्या लगेच फेल गेल्या अन् निगेटिव्ह असलेल्या 195 पैकी फक्त 8. तेव्हापासून जगभर क्रॉसमॅचशिवाय किडनी बसवत नाहीत. अन् त्याच तेरासाकींच्या टीमने 1995 मध्ये दाखवलं की नवरा-बायकोने एकमेकांना दिलेली किडनी तीन वर्षांनी 85 टक्के लोकांत चालू होती, म्हणजे आईवडिलांनी दिलेल्या किडनीच्या बरोबरीने, जेव्हा की नवरा-बायकोचं एचएलए जुळायचं काही कारणच नाही. त्यामुळे "बायकोचं 1/6 च आलं, आता कसं" असं म्हणत रडत बसू नका.

आधी रक्तगट, घरातल्या घरात

लॅबला निघायच्या आधी घरात जे जे किडनी द्यायला तयार आहेत त्यांचे रक्तगट लिहून काढा. ओ वाला कोणालाही देऊ शकतो, एबी वाला कोणाकडूनही घेऊ शकतो, ए वाल्याला ए किंवा ओ, बी वाल्याला बी किंवा ओ. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा किडनीत संबंध नाही, बी निगेटिव्हची किडनी बी पॉझिटिव्हला चालते, हे लोकांना पटत नाही पण तसंच आहे. लायसनवर लिहिलेला रक्तगट धरू नका, गावात शाळेच्या कॅम्पमध्ये काढलेला तर अजिबात नाही, जवळच्या चांगल्या लॅबमध्ये परत करून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे अन् त्याच्यावर पुढचे हजारो रुपये अवलंबून राहतात. रक्तगट न जुळता पण ट्रान्सप्लांट होतं आजकाल, अँटीबॉडीचा टायटर (प्रमाण) बघून, प्लाझ्मा म्हणजे रक्तातलं पाणी काढून, पण खर्च वाढतो अन् तो निर्णय नेफ्रॉलॉजिस्टचा म्हणजे किडनीच्या डॉक्टरचा, घरातल्या मीटिंगचा नाही.

नंदुरबार, साक्री, शिरपूर किंवा सातपुड्याच्या पट्ट्यातले चोपडा, यावल, रावेर इकडचे पावरा, भिल्ल समाजातले लोक डोनर असतील तर सिकलसेलची टेस्ट पण याच वेळी करून टाका. आधी सोल्युबिलिटी ही साधी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की टेस्ट. डोनर सिकलसेलचा वाहक आहे हे ऑपरेशनच्या आठवड्यात कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं, सगळे महागडे रिपोर्ट झाल्यावर डोनर बाद झाला की घरच्यांचं तोंड बघवत नाही.

डोनर कोण, अन् कायदा काय म्हणतो

अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा अन् त्यात 2011 ला झालेली दुरुस्ती यानुसार जवळचे नातेवाईक म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको, अन् आजी, आजोबा, नातू, नात. काका, मामा, चुलतभाऊ, मेहुणा, सासू हे आपल्याकडे कितीही जवळचे असले तरी कायद्यात त्या यादीत नाहीत, त्यांच्यासाठी ऑथोरायझेशन कमिटीकडे (अशा दानाला परवानगी देणारी समिती) जावं लागतं, वेळ जातो, कागद जास्त लागतात. होत नाही असं नाही, पण आधीच माहिती असू द्या. अठरा वर्षांच्या आतला डोनर चालत नाही.

एचएलएच्या या खुणांची जनुकं सहाव्या क्रोमोझोमवर एका ठिकाणी जवळजवळ बसलेली आहेत, म्हणून ती सुटी सुटी न येता सेटने येतात. एक सेट वडिलांकडून, एक आईकडून. म्हणून आईवडील अन् लेकरं यांच्यात अर्धं मॅच ठरलेलंच, 3/6 तर येणारच, वर एखादं योगायोगाने जास्त आलं तर आलं. भावाबहिणींत मात्र नशीब आहे: चारात एक शक्यता की पूर्ण जुळेल, चारात दोन की अर्धं, अन् चारात एक की काहीच नाही.

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा. सख्ख्या भावाचं सख्ख्या भावाशी शून्य जुळू शकतं, आईबाप तेच असून पण. मी स्वतः पाहिलंय, रिपोर्ट हातात घेऊन भाऊबंदकीत नाही नाही ते बोलणं सुरू झालं अन् त्या म्हातारीने खाली मान घातली, काही चूक नसताना. एचएलए टायपिंग, म्हणजे कोणाच्या पेशींवर कोणत्या खुणा आहेत ते बघणं, हे ट्रान्सप्लांटसाठी आहे. नात्याचा पुरावा म्हणून हॉस्पिटल त्याचा आधार घेतं हे खरं, पण भावाभावांत शून्य आलं म्हणून नातं खोटं ठरत नाही, गरज पडली तर डीएनएची वेगळी टेस्ट होते. अन् रिपोर्ट कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकूच नका. तो पेशंट, डोनर अन् डॉक्टर यांच्यातच राहू द्या.

पेशंटची हिस्ट्री एका कागदावर

हा भाग लोक सगळ्यात हलका घेतात अन् लॅबला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. दुसऱ्या माणसाच्या एचएलए विरुद्ध अँटीबॉडी आपोआप तयार होत नाही सहसा, त्याला तीन मोठ्या वाटा आहेत: बाहेरचं रक्त चढवणं, बाळंतपण (गर्भपात झाला असेल तर तो पण धरायचा), अन् आधी झालेलं ट्रान्सप्लांट. तर लॅबला जाताना एका कागदावर हे लिहून न्या:

पेशंटला आजवर किती पिशव्या रक्त चढलं अन् शेवटची कधी, तारखेसकट. बाई असेल तर किती बाळंतपणं, किती वेळा दिवस राहून पडले, हे सासरच्या चार माणसांसमोर विचारू नका, ताईला बाजूला घेऊन विचारा नाहीतर ती सांगणारच नाही. आधी किडनी बसवली होती का, कोणाची, कधी गेली. ल्युपस किंवा तसला, शरीर स्वतःच्याच पेशींवर उठतं असला, आजार आहे का. रिटुक्सिमॅब, एटीजी असलं प्रतिकारशक्ती दाबणारं कोणतं इंजेक्शन गेल्या काही महिन्यात लागलंय का. अलीकडे मोठं इन्फेक्शन झालंय का, लस घेतलीय का.

बायकोला नवरा किडनी देतोय किंवा आईला मुलगा देतोय अशी केस असेल तर बाळंतपणाचा मुद्दा अजून महत्त्वाचा. गरोदरपणात बाळाच्या पेशी आईच्या रक्तात जातात, बाळाचं अर्धं एचएलए बापाचं, म्हणजे त्या बाईच्या शरीराने नवऱ्याच्या खुणा आधीच पाहून ठेवलेल्या असतात अन् कधी कधी त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवून ठेवलेल्या असतात. म्हणून तीन लेकरांची आई पेशंट अन् नवरा डोनर असेल तर साध्या क्रॉसमॅचवर थांबू नका, पुढे सांगतो ती सिंगल अँटिजेनची टेस्ट आधीच मागा. उलट बायको नवऱ्याला देत असेल तर ही भानगड नाही, नवऱ्याला कुठे दिवस राहिलेत.

अन् रक्त चढवण्याबद्दल एक कळकळीचं. डायलिसिसवर हिमोग्लोबिन 6-7 वर आलं की आपल्याकडे लगेच "एक पिशवी लावून टाकू" म्हणतात, पेशंटला पण बरं वाटतं, पण ज्याला पुढे ट्रान्सप्लांट करायचंय त्याच्यासाठी प्रत्येक पिशवी म्हणजे नवीन अँटीबॉडी बनायची संधी. एरिथ्रोपोएटिनचं (रक्त वाढवायचं) इंजेक्शन अन् आयर्न वेळेवर घेत राहा, ती इंजेक्शनं चुकवू नका, त्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागा. जीवावरची वेळ असेल तर रक्त घ्यावंच लागेल, तेव्हा ल्युकोरिड्यूस्ड म्हणजे पांढऱ्या पेशी फिल्टर केलेली पिशवी मिळते का ते ब्लड बँकेत विचारा, त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. घरच्याच माणसाचं रक्त, त्यातही जो उद्या किडनी देणार आहे त्याचं, पेशंटला अजिबात चढवू नका. लोक प्रेमाने देतात अन् तिथंच गणित बिघडतं.

सॅम्पल: कोणता बल्ब, कोणाचा, कधी

जळगाव-धुळ्यात बऱ्याचदा कलेक्शन सेंटरवर रक्त घेतात अन् टेस्ट नाशिक, मुंबई, पुणे अशा मोठ्या शहरात होते. टायपिंगसाठी हे चालून जातं. टायपिंग डीएनएवर होते, त्याला जांभळ्या झाकणाचा ईडीटीए बल्ब (रक्ताची नळी) लागतो, पेशी जिवंत असायची गरज नाही, डीएनए दणकट राहतो. गालाच्या आतून कापसाने घासून पण होते, ज्याच्या शिरा सापडत नाहीत त्याच्यासाठी बरं. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) बल्बमधलं रक्त टायपिंगला देऊ नका, हेपरिनने पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पायरी, अडतो.

क्रॉसमॅचचं तसं नाही. त्याला डोनरच्या जिवंत लिम्फोसाइट, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, लागतात. हिरव्या झाकणाचा सोडियम हेपरिन किंवा पिवळ्या झाकणाचा एसीडी बल्ब, लॅब सांगेल तो, अन् पेशंटचं लाल झाकणाच्या साध्या बल्बमधलं रक्त, त्यातून सिरम म्हणजे रक्त गोठल्यावर सुटलेलं पाणी काढतात. डोनरच्या पेशी 24 तासांत लॅबमध्ये पोचायला पाहिजेत, फार तर 48, अन् खोलीच्या तापमानाला, म्हणजे साधारण 18 ते 25 अंश. आता मे महिन्यात जळगाव-भुसावळला 45 अंश असताना खोलीचं तापमान म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुरियरवाल्याच्या डिकीत दोन तास पडलेला बल्ब आमच्याकडे येतो तेव्हा अर्ध्या पेशी आधीच मेलेल्या राहतात, अन् क्रॉसमॅचमध्ये आम्ही मेलेल्या पेशीच तर मोजतो, मग रिपोर्ट काय डोंबल येणार. घाबरून बर्फात ठेवतात ते पण चुकीचं, गारठून पण पेशी जातात.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे, क्रॉसमॅचसाठी पेशंट अन् डोनर दोघांनी स्वतः लॅबला जावं. एक दिवस मोडतो, तिकिटाचे पैसे जातात, पण टेस्ट परत करायची वेळ येत नाही. नंदुरबार, नवापूरकडच्या लोकांना ताप्ती लाइनने सुरत जवळ पडतं, चाळीसगाव-जळगावच्या लोकांना नाशिक-मुंबई किंवा संभाजीनगर, रावेर-भुसावळकडचे काही जण इंदूरला पण जातात. जिथे ट्रान्सप्लांट करायचंय त्याच हॉस्पिटलला आधी विचारा की ते कोणत्या लॅबचा रिपोर्ट मानतात, नाहीतर इकडे केलेली टेस्ट तिकडे परत करायला लावतात. लॅब एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी संस्था) मान्यता असलेली पाहिजे, कमिटीसमोर कागद लावताना ते बघतात. जाणं शक्यच नसेल तर सकाळी सॅम्पल द्या, थर्माकोलच्या डब्यात कापसात गुंडाळून, बर्फ न लावता, रात्रीच्या एसी गाडीने माणसाच्या हाती पाठवा. शनिवारी सॅम्पल पाठवू नका, रविवारी लॅबमध्ये कोणी असेल-नसेल, फोन करून विचारून मगच काढा.

पेशंटचं रक्त डायलिसिस सुरू व्हायच्या आधी घ्यायला सांगा. डायलिसिसमध्ये हेपरिन देतात, त्यानंतर घेतलेलं रक्त साध्या बल्बमध्ये नीट गोठत नाही, सिरममध्ये जाळ्या राहतात. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या) हातातून सुई टोचू देऊ नका हे तुम्हाला डायलिसिसवाल्यांनी सांगितलंच असेल. अन् नुकतंच रक्त चढलं असेल तर लॅबला सांगा, अँटीबॉडी बनायला वेळ लागतो म्हणून साधारण दोन आठवड्यांनी परत सिरम घेतात. लगेच केलेली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. बल्बवर नाव, तारीख, वेळ, डोनर का पेशंट, तुमच्या समोर लिहून घ्या. एकाच आडनावाचे दोन पाटील, दोन महाजन एका दिवशी येतात आमच्याकडे, नुसतं आडनाव लिहिलं की आमची पंचाईत.

आत लॅबमध्ये काय करतात

सीडीसी क्रॉसमॅच ही जुनी अन् अजून चालू असलेली टेस्ट, 1964 मध्ये तेरासाकींनीच ती इवल्याशा ट्रेवर आणली. एकेका खड्ड्यात 1 मायक्रोलिटर सिरम, थेंबाचा पण अंश. पेशंटचं सिरम अन् डोनरच्या पेशी एकत्र ठेवतात, मग त्यात सशाच्या रक्तातला कॉम्प्लिमेंट, म्हणजे पेशी फोडणारी प्रथिनं, टाकतात (हो, सशाचाच, तो इथे बरोबर काम करतो). सिरममध्ये डोनरविरुद्ध अँटीबॉडी असेल तर ती पेशीला चिकटते अन् कॉम्प्लिमेंट त्या पेशीला भोक पाडतो, रंग टाकला की मेलेल्या पेशी वेगळ्या दिसतात. मायक्रोस्कोपखाली मोजायचं किती टक्के मेल्या. झालं क्रॉसमॅच. टेस्टला काही तास लागतात, पण पेशी वेगळ्या काढणं, त्यातल्या टी अन् बी या दोन जाती वेगळ्या करणं यात हात सफाईदार लागतो, मशीनचं काम नाही ते.

फ्लो क्रॉसमॅच म्हणजे तेच, पण मेलेल्या पेशी न मोजता पेशीवर चिकटलेली अँटीबॉडी लेझरने मोजतात, त्यामुळे कमी प्रमाणात असलेली पण पकडली जाते. अन् तिसरी ल्युमिनेक्स, त्यात पेशीच नाहीत, बारीक रंगीत मण्यांवर एकेक एचएलए लावलेलं राहतं, पेशंटचं सिरम कोणत्या मण्याला चिकटतं ते बघतात. यालाच सिंगल अँटिजेन बीड म्हणतात अन् यावरून कळतं की अँटीबॉडी नेमकी कोणत्या खुणेविरुद्ध आहे. डोनरमध्ये ती खूण असेल तर त्या अँटीबॉडीला डीएसए म्हणतात, म्हणजे नेमकी या डोनरच्या विरोधातली.

इथे एक खाचखळगा आहे. रिपोर्टवर "डीएसए" लिहिलेली टेस्ट दोन प्रकारची मिळते. एक स्वस्तातली, डोनरच्या पेशींचा लायसेट म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क वापरून केलेली, तिच्यात नुसतं क्लास 1 (ए, बी या खुणा), क्लास 2 (डीआर वगैरे) पॉझिटिव्ह का निगेटिव्ह एवढंच कळतं. दुसरी सिंगल अँटिजेनची, महाग, पण नेमकी. पेशंटला रक्त चढलेलं नाही, पहिलं ट्रान्सप्लांट आहे, पुरुष आहे, तर बहुतेक वेळा स्वस्तातलीवर भागतं. हिस्ट्री असेल तर दुसरी. डॉक्टरने नुसतं "डीएसए करून आणा" लिहिलं असेल तर कोणती ते विचारून घ्या, नंतर दोनदा पैसे भरावे लागतात.

रिपोर्ट आला, आता कुठे बघायचं

टायपिंगच्या कागदावर ए*11, ए*24, बी*40, डीआरबी1*15 असलं काहीतरी राहील. ए, बी अन् डीआर, प्रत्येकाचे दोन दोन, म्हणून 6 पैकी मोजतात. पेशंटच्या अन् डोनरच्या ओळी खाली-वर ठेवून कोणते आकडे सारखे आहेत ते मोजायचं, बस एवढंच त्या टक्क्याचं रहस्य. बोन मॅरोसाठी करताना मात्र हाय रिझोल्यूशन लागते अन् 10 पैकी मोजतात, तिथे मॅचला खरंच खूप किंमत आहे, थॅलेसेमिया किंवा सिकलसेलच्या लेकरासाठी भावंडांचं टायपिंग करताय तर किडनीवालं स्वस्तातलं पॅकेज घेऊ नका.

मग क्रॉसमॅच. सीडीसीमध्ये 10 टक्क्यांपर्यंत पेशी मेल्या तर निगेटिव्ह धरतात, कारण थोड्या पेशी तशाही मरतातच. 11 ते 20 संशयातलं, बऱ्याच लॅब त्यालाही निगेटिव्हच म्हणतात, 21 ते 50 कमजोर पॉझिटिव्ह, त्याच्या वर पॉझिटिव्ह, 80 च्या वर जोरदार. रिपोर्टवर टी अन् बी वेगळं लिहिलेलं असावं. टी पेशींवर क्लास 1 च्या खुणा राहतात, बी पेशींवर क्लास 1 अन् क्लास 2 दोन्हींच्या. म्हणून टी पॉझिटिव्ह आली तर बी पण पॉझिटिव्ह यायला पाहिजे. टी पॉझिटिव्ह अन् बी निगेटिव्ह असा उलटा रिपोर्ट आला तर सरळ लॅबला फोन करून सॅम्पल परत बघायला सांगा, काहीतरी गडबड राहते बहुतेक.

"विथ डीटीटी" अन् "विदाउट डीटीटी" असे दोन आकडे पण दिसतील. डीटीटी हे रसायन टाकलं की आयजीएम जातीची अँटीबॉडी मोडते, ती बऱ्याचदा पेशंटच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची असते अन् किडनीला त्रास देत नाही. म्हणजे डीटीटीशिवाय पॉझिटिव्ह अन् डीटीटीसह निगेटिव्ह, तर बरेचदा पुढे जाता येतं. दोन्हीत पॉझिटिव्ह, तर ती आयजीजी जातीची अँटीबॉडी, तिला हलक्यात घ्यायचं नाही.

सिंगल अँटिजेनमध्ये एमएफआय म्हणून आकडा येतो, मण्याला किती अँटीबॉडी चिकटली त्याचा अंदाज, 300, 1500, 9000 असा. हा एमएफआय एका लॅबचा दुसऱ्या लॅबशी जुळवून बघू नका, सीमारेषा प्रत्येक लॅबची वेगळी. ढोबळ सांगायचं तर 500 च्या खाली कोणी फारसं मनावर घेत नाही, 1000 च्या वर डॉक्टर नीट बघतात, अन् अनेक हजारांत असेल तर डोनर बदलायची किंवा ट्रीटमेंटची चर्चा सुरू होते. पीआरए वेगळा: पीआरए 80 टक्के म्हणजे रस्त्यावरचे कोणतेही 100 डोनर आणले तर त्यातल्या 80 च्या आसपास लोकांविरुद्ध पेशंटकडे अँटीबॉडी आहे. इथे टक्का जास्त म्हणजे वाईट. टायपिंगचा टक्का अन् पीआरएचा टक्का यात गल्लत करून पेढे वाटणारे पण पाहिलेत.

पॉझिटिव्ह आलं तर

लगेच डोनरला घरी पाठवू नका. आधी बघायचं की पॉझिटिव्ह खरं आहे का. रिटुक्सिमॅब घेतलेल्या पेशंटचा बी क्रॉसमॅच औषधामुळेच पॉझिटिव्ह येतो, म्हणून तो हिस्ट्रीचा कागद. ल्युपसमध्ये स्वतःच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी राहते, त्यासाठी ऑटोक्रॉसमॅच करतात, पेशंटचंच सिरम अन् पेशंटच्याच पेशी. ते पॉझिटिव्ह आलं अन् सिंगल अँटिजेनमध्ये डीएसए नाही, तर डॉक्टर बऱ्याचदा हिरवा कंदील देतात.

खरं निघालं तर वाटा अशा. घरात दुसरा डोनर असेल तर त्याचं क्रॉसमॅच करा, नवऱ्याविरुद्ध अँटीबॉडी आहे म्हणजे भावाविरुद्ध असेलच असं नाही. दुसरं, स्वॅप: तुमची जोडी जुळत नाही, दुसऱ्या कुटुंबाची जुळत नाही, पण एकमेकांत जुळते, 2011 च्या दुरुस्तीने जवळच्या नातेवाईकांच्या जोड्यांना याची परवानगी आहे, हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला स्वॅपच्या यादीत नाव टाकायला सांगा, लाजू नका. तिसरं, डीसेन्सिटायझेशन, म्हणजे प्लाझ्मा बदलून, आयव्हीआयजी (दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीचं औषध), रिटुक्सिमॅब देऊन अँटीबॉडी खाली आणायची, खर्चिक आहे अन् इन्फेक्शनचा धोका वाढतो, कमजोर पॉझिटिव्हला जमतं, जोरदारला अवघड. माझं विचाराल तर स्वॅप मिळत असेल तर आधी तो बघा.

ऑपरेशनच्या आधी परत एकदा

पहिलं क्रॉसमॅच निगेटिव्ह आलं, कमिटीचे कागद, फिटनेस, पैशाची जुळवाजुळव यात दोन-तीन महिने जातात. त्या दरम्यान पेशंटला एक पिशवी रक्त चढलं की जुन्या रिपोर्टला काही किंमत नाही. तसंही ऑपरेशनच्या काही दिवस आधी ताज्या सिरमवर फायनल क्रॉसमॅच करतातच, त्याचे पैसे वेगळे बाजूला ठेवा, लोकांच्या बजेटमध्ये हेच सुटतं. शासकीय योजनेत बसत असाल तर आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नाही, या टेस्टचं वेगळं विचारा, कोणती टेस्ट पॅकेजमध्ये अन् कोणती खिशातून ते लेखी घ्या.

घरात डोनरच नसेल अन् मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव टाकणार असाल तर दोन गोष्टी. एक, तिथे फोन रात्री-बेरात्री येतो अन् निघालेली किडनी साधारण एका दिवसाच्या आत बसवायची असते, त्यातले काही तास क्रॉसमॅचलाच जातात. त्यामुळे तळोदा-धडगावात राहून लांबच्या शहरात नाव नोंदवण्याआधी गाडीने किती तास लागतात ते रात्रीच्या वेळेचं मोजा, पावसाळ्यातलं मोजा, अन् त्यावर हॉस्पिटल निवडा. दुसरं, यादीत नाव आहे तोवर लॅब मागेल तेव्हा ताजं सिरम देत राहा, अन् मधे रक्त चढलं तर कोऑर्डिनेटरला त्याच दिवशी कळवा, फोन लागला नाही तर मेसेज टाका, तारीख अन् किती पिशव्या लिहून.